ती पत्रे केवळ खासगी नव्हती
अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात हद्दपार झालेल्या क्वेकरांची (युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची) पत्रे म्हणजे ‘कुटुंबांचे खासगी सांत्वन’, हे त्यांच्यावरील लेखातील विधान मला पटत नाही. सप्टेंबर १७७७मध्ये फिलाडेल्फियातील या मंडळींना, कोणताही खटला न चालवता, व्हर्जिनियातील विंचेस्टरला नेण्यात आले आणि त्याच महिन्यात त्यांचे शहर ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. त्यामुळे घरच्या पत्रांना अमेरिकी आणि ब्रिटिश अशा दोन सैन्यांच्या मधून वाट काढावी लागे. तरीही ती लिहिली गेली, पोहोचली, आणि त्यांच्या आधारानेच हा समाज विखुरला नाही, असे मला मनापासून वाटते.

एलिझाबेथ ड्रिंकर आणि आणखी तिघी एप्रिल १७७८मध्ये पतींच्या सुटकेसाठी व्हॅली फोर्ज या अमेरिकी लष्करी तळावर जाऊन सेनापती वॉशिंग्टन यांना भेटल्या, याचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचे फार वाईट वाटले. तोवर दोघे जण हद्दपारीतच मरण पावले होते.