पुढच्या दोन चाकांचं काय करायचं?

जुनी पिकअप घ्यायची हे ठरायला मला दोन मिनिटं लागली. कोणती घ्यायची हे ठरायला अकरा आठवडे. त्यातला एकही दिवस रंगावर गेला नाही, इंजिनावर गेला नाही, सीटच्या कव्हरवर तर नाहीच नाही. सगळे गेले ते पुढच्या दोन चाकांवर. त्यांनी नुसतं डावी-उजवीकडे वळायचं, की गाडी ओढायलाही लागायचं?

माझी गरज तशी साधी होती. आमच्या जमिनीच्या तुकड्यावर मी एक शेड उभी करत होतो. तिथं लाकूड, पत्रे, सिमेंट आणि मातीची पोती न्यायची होती. आमच्या लहानशा कारमध्ये दहा फुटी पत्रा मावत नाही, हे मी एकदा प्रत्यक्ष प्रयोगानं सिद्ध केलं. मागच्या काचेची भरपाई करून आल्यावर बायकोनं हुकूम काढला, "हौदा असलेली गाडी बघ." हुकमात चाकांचा उल्लेख नव्हता.

पहिल्याच विक्रेत्यानं फोनवर विचारलं, "फोर बाय टू हवी की फोर बाय फोर?"

मी म्हणालो, "चाकं चार असली म्हणजे झालं."

पलीकडे जी शांतता पसरली, तिच्यात मला माझी किंमत कळली.

मग मी अभ्यासाला बसलो. पहिला आकडा एकूण चाकांचा, दुसरा इंजिनाचा जोर ज्यांच्यापर्यंत पोहोचतो त्या चाकांचा. म्हणजे फोर बाय टू हे दोन कमावते आणि दोन बसून खाणारे असं कुटुंब, आणि फोर बाय फोरमध्ये घरातले चौघंही नोकरीला. ऐकायला दुसरं केव्हाही चांगलं वाटतं. पण चौघं नोकरीला लागले की घरात भांडणं कशी वाढतात, ते मला पुढे कळायचं होतं.

आमच्या घरात या विषयावर दोन पीठं आहेत. एका पीठावर मेहुणा. त्याच्याकडे फोर बाय फोर आहे आणि तिच्याबद्दल तो जितक्या मायेनं बोलतो, तितक्या मायेनं मी त्याला त्याच्या बहिणीबद्दल बोलताना ऐकलेलं नाही. "भाऊजी, डच स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये चारही चाकांना जोर देणारी पेट्रोलची मोटार बनवली होती. शर्यतीसाठी! आणि तुम्ही सव्वाशे वर्षांनी दोन चाकांवर अडून बसलाय?" त्यानंतर १९४१ ची जीप, १९४६ ची डॉजची पॉवर वॅगन, १९७९ ची टोयोटाची फोर व्हील ड्राइव्ह हायलक्स अशी सगळी वंशावळ व्हायची. मला शेडचे पत्रे न्यायचे होते, पण त्याचं ऐकताना मी कुठल्यातरी आघाडीवर रसद पोहोचवणार आहे असं वाटायला लागायचं.

दुसऱ्या पीठावर मामा. मामांनी बावीस वर्षं मागच्या दोन चाकांवर चालणारी पिकअप हाकली. त्यांचा युक्तिवाद एका वाक्याचा. "अरे, मी बावीस वर्षांत तीनदा रुतलो. हा चार वर्षांत सातदा."

मेहुण्याचं यावर म्हणणं असं, की मामा कुठे जातच नाहीत. मामांचं म्हणणं, अगदी बरोबर.

बायकोनं तिसरा मार्ग काढला. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं आणि मागच्या वर्षात आपण जमिनीवर गेलो ते दिवस मोजले. त्यातले पाऊस पडून गेल्यावरचे वेगळे काढले. शेवटचा सहाशे मीटरचा कच्चा चढ ज्या दिवशी खरोखर निसरडा होता, असे दिवस उरले नऊ. "वर्षातले नऊ दिवस. उरलेले तीनशे छप्पन्न दिवस हे सगळं लोखंड पोटाशी बांधून फिरायचं?" लोखंड म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत इंजिनाचा जोर वाटणारी पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस; एका आसावरच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा गिअरांचा गोळा, म्हणजे पुढचा डिफरन्शियल; आणि पुढे जाणारा जादा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा. सगळं मिळून वजन सहज शंभर किलोच्या आसपास जातं. डिझेल थोडं जास्त लागतं, हौद्यात माल थोडा कमी भरता येतो. बदलायची ऑइलं वाढतात, गळायची सीलं वाढतात.

मी गप्प बसलो. नऊ हा आकडा मला अपमानास्पद वाटला. माझ्या डोक्यात मी बर्फातून, वाळूतून, फुटलेल्या बंधाऱ्यावरून जाणारा माणूस होतो. कॅलेंडरवर मी मातीची पोती नेणारा माणूस होतो.

आता थोडं यंत्राबद्दल सांगतो, कारण मी ते शिकायला रात्री जागवल्यात आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जुन्या पिकअपमधला फोर व्हील ड्राइव्ह बहुधा गरजेपुरता जोडायचा असतो. लिव्हर ओढली की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधून टाकते. दोघांनी एकाच गतीनं फिरायचं. चिखलात, बर्फात, सुट्या खडीवर हे छान. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र वळण घेताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान वर्तुळावरून. अंतर वेगळं आणि गती एकच, म्हणजे कुणीतरी घसरायलाच हवं. कोरडं डांबर घसरू देत नाही. मग तो ताण शाफ्टमध्ये आणि गिअरांमध्ये पीळ भरत जातो. जिन्याच्या वळणावर कपाट उचलणारे चौघं डोळ्यांपुढे आणा. पुढच्या दोघांना लांबचा वळसा, मागच्या दोघांना जवळचा. चौघांनी पावलात पाऊल मिळवायचा हट्ट धरला तर आधी कपाट करकरतं, मग पाठी.

मी हे पुस्तकी ज्ञान घेऊन एक गाडी चालवून पाहिली आणि सिमेंटच्या अंगणात फोर व्हीलमध्ये टाकून पूर्ण स्टिअरिंग कापलं. गाडी अडखळत, उड्या मारत, दात खात वळली. विक्रेता ओरडला, "अहो, काय करताय?" मी म्हणालो, "पीळ पाहतोय." त्यानं किल्ली मागून घेतली.

त्याहून मोठा धक्का डिफरन्शियलनं दिला. माझी भाबडी समजूत अशी, की फोर बाय फोरमध्ये एक चाक घसरलं तर उरलेली तीन गाडी काढतात. साधा डिफरन्शियल तसा वागत नाही. तो एका आसावरच्या दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो आणि तो जोर ठरतो घसरणाऱ्या चाकाच्या कुवतीवर. वर्गातलं सर्वांत ढ पोर जेवढं शिकेल, तेवढंच सगळ्या वर्गाला शिकवायचं, असा हा मास्तर. त्यामुळे पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत किंवा लोण्यासारख्या चिखलात गेलं, की चार चाकांची मर्द गाडी दोन चाकं गरगरा फिरवत जागच्या जागी उभी. त्यावर दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉकर किंवा घसरणाऱ्या चाकाला आवर घालणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल हा उपाय आहे. मेहुण्याला हे विचारलं तर त्यानं विषय बदलला. सात वेळांपैकी किती वेळा असं झालं असेल, ते मी समजून गेलो.

आणि ब्रेक! ब्रेकला तुमच्या पुढच्या शाफ्टशी काही देणंघेणं नसतं. फोर व्हील ड्राइव्ह निसरड्या रस्त्यावर झोकात सुटायला मदत करतो. थांबायची वेळ आली की सगळे सारखेच, फक्त तुम्ही शंभर किलोनं जड. हे मला मामांनी सांगितलं, आणि सांगताना मेहुण्याच्या बंपरकडे पाहिलं.

प्रत्यक्ष गाड्या पाहणं हा वेगळाच अध्याय. आमचे गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री सोबत यायचे. ते इंजिन सुरू करायच्या आधी गाडीखाली जायचे आणि मलाही आडवं व्हायला लावायचे. माझं पोट आणि जुन्या गाडीचा सायलेन्सर यांच्यातलं अंतर काय असतं, हे मी त्या आठवड्यांत शिकलो.

पहिल्या गाडीच्या मागच्या फळीवर हातभर लांब 'फोर बाय फोर' लिहिलेलं होतं. मिस्त्री खाली गेले आणि लगेच बाहेर आले. "साहेब, पुढे शाफ्टच नाही. डिफरन्शियलचा गोळा पण नाही." विक्रेता जराही न डगमगता म्हणाला, "स्टिकर ओरिजिनल आहे."

दुसरीत सगळं होतं. लिव्हर सरकायची, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लुकलुकायचा, पण स्थिर काही होईना. मालक म्हणाले, "तो असाच लुकलुकतो. म्हणजे चालू आहे." मिस्त्रींनी ट्रान्सफर केसचा बोल्ट काढून बोटावर ऑइल घेतलं. ते दुधाळ होतं, म्हणजे आत पाणी गेलेलं. गाडी कुठल्यातरी ओढ्यात पोटापर्यंत उभी राहिलेली. पुढच्या एक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं. "ही फोर बाय फोर होती," मिस्त्री म्हणाले. भूतकाळ इतक्या आदरानं वापरलेला मी प्रथमच ऐकला.

तिसरीत मी स्वतः दिवे लावले. लिव्हरवर टू एच, फोर एच, एन आणि फोर एल असे चार मुक्काम होते. टू एच नेहमीचा दोन चाकांचा, फोर एच चार चाकांचा, एन म्हणजे न्यूट्रल आणि फोर एल म्हणजे चारही चाकांचा, पण मंद आणि ताकदीचा. बऱ्याच गाड्यांत वेग अडीच पटींच्या आसपास कमी होतो आणि जोर त्याच प्रमाणात वाढतो. मी तिथं जायला निघालो आणि वाटेत एनवर उतरलो. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, इंजिन गरजलं, गाडी ढिम्म. "गिअरबॉक्स गेलेला आहे," मी जाहीर केलं. मग गाडी गिअरमध्ये असूनही आपली आपण, हळूहळू, उतारानं मागे निघाली. एनमध्ये इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटतो, तेव्हा हँडब्रेक ओढायचा असतो. हे मला मिस्त्रींनी गाडीच्या बाजूनं पळता पळता समजावलं.

शेवटी दोन गाड्या उरल्या आणि दोन्हींचे पैसे सारखे. एक मागच्या चाकांवर चालणारी, सात वर्षांची, ८०,००० किलोमीटर झालेली, टायर चांगले, खालून कोरडी. दुसरी फोर बाय फोर, अकरा वर्षांची, १,४०,००० किलोमीटर. खरा सवाल हाच असतो आणि तो कुणी सांगत नाही. पुढची दोन चाकं तुम्ही पैशांनी घेत नाही, गाडीच्या आयुष्यातल्या वर्षांनी घेता.

मामा म्हणाले, आधी जमिनीवर नेऊन बघू. आदल्या रात्री पाऊस झालेला. मागच्या चाकांची गाडी चढाच्या तिसऱ्या भागात गेली आणि मागची चाकं गवतावर भिरभिरायला लागली. रिकामा हौदा, मागे वजन नाही, जोर लावायचा कशावर? मेहुणा हसला. मामांनी काही न बोलता मागच्या आसाच्या बरोबर वर वाळूची सहा पोती टाकायला लावली, दोरखंडानं आवळली आणि टायरमधली थोडी हवा सोडली. पुढच्या खेपेला तीच गाडी कुरकुरत का होईना, वर गेली. मामांनी खाली उतरून हात झटकले.

सगळं स्पष्ट होतं. कॅलेंडर, मामा, मिस्त्री, ८०,००० किलोमीटर आणि सहा पोती वाळू, पाचही साक्षी एका बाजूला. मी घरी आलो, रात्रभर विचार केला आणि सकाळी जाऊन फोर बाय फोर घेतली.

कारण विचारू नका. लिव्हर ओढल्यावर खालून जो 'खट्ट' असा आवाज येतो ना, तो मी ऐकला होता.

गाडी ताब्यात घेताना मिस्त्रींनी एकच सूचना केली. "साहेब, ही वापरत राहा. नुसती ठेवली तर पुढचं सगळं जाम होतं. ऑइल फिरत नाही, सीलं वाळतात, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी लिव्हर हलत नाही. महिन्यातून एकदा तरी फोर एचमध्ये दोन-चार किलोमीटर चालवा. पण डांबरावर नाही हां, मातीत."

बायकोनं तिथल्या तिथे हिशेब केला. "म्हणजे गरज नऊ दिवस आणि सेवा बारा दिवस."

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चिखल शोधायला निघतो. ओल असेल त्या महिन्यांत ठीक असतं. बाकीच्या महिन्यांत कोरड्या वाटा तुडवत, एखादी बरी सुटी माती दिसते का म्हणून दोन्हीकडे बघत जावं लागतं. मागच्या रविवारी काहीच मिळालं नाही, म्हणून शेडच्या मागे पाइप लावून थोडी जमीन भिजवत होतो. तेवढ्यात मामांचा फोन आला.

"काय करतोस?"

"झाडांना पाणी घालतोय," मी म्हणालो.

मागून बायको ओरडली, "अजून थोडं सोड. मागची चाकं अजून फिरत नाहीत!"