बेळगावचं डाळगाव झालं त्याची गोष्ट

कपाटात एक जुना फोन पडून होता. २०१८ सालचा, आत स्नॅपड्रॅगन ८४५ चिप, काच एका कोपऱ्यात तडकलेली, बॅटरी अजून बरी. कंपनीचे अपडेट कधीचेच थांबलेले. एक्स्चेंजला विचारलं तर सांगितलेल्या किमतीत कुंद्याचे दोन डबे आले असते, बस्स. म्हटलं, विकण्यापेक्षा ॲन्ड्रॉइड काढून ह्याच्यावर लिनक्स ही मोफत सिस्टिम घालून बघू की.

घातलं ते पोस्टमार्केटओएस, फोनसाठीचं लिनक्स. २०१७ पासून जगभरची मंडळी हे फावल्या वेळात बनवत आलीत. फोन दोन-तीन वर्षांत भंगारात न जाता दहा वर्षं चालावा, एवढाच हट्ट. आता कोणी म्हणेल, ॲन्ड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे की. आहेच. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तोच, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेला. फक्त ॲन्ड्रॉइडमध्ये तो तळघरात असतो आणि तळघराची किल्ली घरमालक भाडेकरूला देत नाही.

बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना आधी जागा होणारा प्रोग्राम, त्याचं कुलूप उघडलं, आतलं सगळं पुसलं गेलं, केबल लावून फाइल ढकलली. एक रविवार गेला. पहिला पिन १४७१४७, सिस्टिमची तयार फाइल (इमेज) घेणाऱ्या सगळ्यांना तोच. एक गंमत म्हणजे इथं नवीन काही घालायची कमांडही 'एपीके' नावाचीच, पण ॲन्ड्रॉइडच्या एपीके फाइलशी तिचा काडीचा संबंध नाही. मी अर्धा तास व्हॉट्सॲपची फाइल तिच्या गळी उतरवत बसलो होतो.

आता वाईट बातमी, म्हणजे पुढचं वाचून कुणी उत्साहात रोजचा फोन पुसायला नको. माझं सिम फक्त ४जीचं. त्यावर बोलणं व्होल्टीईतूनच, म्हणजे ४जीवरून कॉल नेणाऱ्या सोयीतूनच, जातं, आणि ह्या फोनवर व्होल्टीई चाललं नाही. म्हणजे फोन हाय, पण फोन लागत नाही. कॅमेरा उघडला की काळोख. वेड्रॉइड नावाच्या डब्यात ॲन्ड्रॉइडची ॲप चालतात, त्यात व्हॉट्सॲप चाललंसुद्धा. बँकेच्या ॲपनं मात्र उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, म्हणे हा फोन सुरक्षित नाही. यूपीआयला तर सिमवरून एसएमएस जाऊन ओळख पटावी लागते, तिथपर्यंत मी पोचलोच नाही. 'गूगलपासून मुक्ती' असल्या पोस्टी टाकणाऱ्यांना माझा नमस्कार. मुक्त होऊन सकाळी गाड्यावर चहा प्यायलो आणि उधारीवर नाव लिहून आलो.

तरीही फोन पुन्हा कपाटात गेला नाही. कारण कीबोर्ड.

माझं दुकान तुम्हाला ठाऊकच आहे. बेळगावातल्या वडगावात झेरॉक्स आणि अर्ज. सकाळी कन्नडमध्ये उताऱ्याचा अर्ज, दुपारी मराठीत लग्नाची पत्रिका, मधेच कुणाचं इंग्रजी पत्र. तिन्ही भाषा एका हाताखाली हव्यात आणि त्यात ळ ठळक हवा, कोपऱ्यात दडवलेला नको. मला हवा तसा कीबोर्ड इथंही नव्हता. पण ह्या फोनचा कीबोर्ड, स्क्वीकबोर्ड, एका साध्या मजकुराच्या फाइलवर चालतो. ओळीत अक्षरं लिहायची, फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवायची, झालं. पहिल्या दिवशी एके ठिकाणी मोकळ्या जागेऐवजी टॅब पडला आणि सगळा कीबोर्ड मुकाट्यानं इंग्रजीवर गेला. ती चूक शोधण्यात रात्रीचे दोन वाजले.

मराठी जमली. मग कन्नड. पुन्हा सगळी अक्षरं कोण लिहीत बसणार? युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांची संगणकातली यादी, तिच्यात प्रत्येक अक्षराला नंबर असतो. मराठी क चा २३२५, कन्नड क चा ३२२१. वजा करा, ८९६. म चा २३५० आणि ३२४६, पुन्हा ८९६. ळ चा २३५५ आणि ३२५१, तेच. दोन्ही लिप्यांची रांग इस्की ह्या जुन्या भारतीय मानकावरून घेतलेली, म्हणून प्रत्येक अक्षर आपापल्या रांगेत त्याच जागी उभं आहे. इतकी वर्षं दोन्ही भाषांत टाइप करतोय, पण हे अंतर कधी मोजलं नव्हतं. चार ओळींचा प्रोग्राम लिहिला, प्रत्येक अक्षरात ८९६ मिळवले, कन्नड कीबोर्ड तयार. ऑफिसचा ऑ आणि बॅगेतली अर्धचंद्राची मात्रा तेवढे चौकोन होऊन आले, कन्नडच्या रांगेत त्या जागा रिकाम्या आहेत.

फुशारकी मारायला शेजारच्या अक्कांना दाखवला. कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, मराठी आपल्यासारखंच बोलतात. मी मराठीत 'बेळगावी' लिहून ते कन्नडमध्ये फिरवलं आणि फोन पुढे केला. अक्कांनी चष्मा वर केला आणि हसायला लागल्या.

"हे काय केलास रे? बेळे म्हणजे डाळ न्हवं काय. डाळगाव केलास की गावाचं!"

कन्नडमध्ये ए दोन, एक आखूड, एक लांब. ओ सुद्धा दोन. मराठीत आपण एकावरच भागवतो, आणि तो एक कन्नडमध्ये गेला की लांब होतो. बेळगावीतला बे आखूड, डाळीतला लांब. शेवटची वीसुद्धा तिकडं ऱ्हस्व. गावाच्या नावाचा वाद मी इथं काढत नाही, पण ते नाव दोन्हीकडं नीट लिहायला एक बटण कमी पडत होतं, आणि ओ साठी आणखी एक, एवढं खरं. अक्का समोर बसल्या, "इथं नको, बोटाजवळ दे" म्हणाल्या, आणि आखूड ए, आखूड ओ वरच्या रांगेत आले. फाइलमध्ये दोन ओळी वाढल्या. एरवी मी एखाद्या कंपनीला 'सुधारणा सुचवा' मध्ये लिहिलं असतं आणि उत्तराची वाट बघत म्हातारा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या लॅपटॉपवर, तिथंही लिनक्सच, कीबोर्डची यादी सहज चाळली. मराठीखाली एक नाव दिसलं, 'कगप, फोनेटिक'. कगप म्हणजे कन्नड गणक परिषत्, संगणकावरच्या कन्नडसाठी काम करणारी संस्था. कन्नड कीबोर्ड रचणाऱ्या के. पी. रावांच्या रचनेवरून आलेली कन्नडची मांडणी, तीच कुणीतरी मराठीला लावून ठेवलीय. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली ह्यावरून काय काय होतं ते तुम्ही बघितलंय. आणि हे शहाणं काम गुपचूप यादीत पडून होतं. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग तू इतके दिवस काय करत होतास?"

फोन आता काउंटरवर असतो. गिऱ्हाईक आपलं नाव स्वतः टाइप करतं, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, आणि अर्जात नाव चुकलं म्हणून माझ्याशी भांडण होत नाही. कीबोर्डची फाइल पाहिजे त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो. फक्त 'ह्याच्यावर यूपीआय चालतंय काय' तेवढं विचारू नका. चहावाल्याचे अजून चाळीस रुपये द्यायचे आहेत.