एलआयसी एजंट म्हणे १० लाखावर साडेतीन लाख खातो!

परत तो मेसेज फिरायला लागलाय. "१० लाखाच्या पॉलिसीवर एजंटला ३५ टक्के म्हणजे साडेतीन लाख मिळतात, दरवर्षी मिळतात, तो मेला तर बायकोला मिळतात, म्हणून अर्धं कमिशन परत मागा, तुमचा हक्क आहे." मी स्वतः एजन्सी करतो, त्यामुळे बाजू घेणारच असं समजा हवं तर, पण हिशोब तरी नीट लावा राव.

१) कमिशन विमा रकमेवर नसतंच, भरलेल्या हप्त्यावर असतं. वर्षाचा हप्ता ५०,००० धरा. १५ वर्षं किंवा जास्त मुदतीच्या साध्या एंडोमेंटला (विमा आणि बचत एकत्र, मुदत संपली की पैसे परत मिळणारी पॉलिसी) जुना रेट होता २५ टक्के, म्हणजे १२,५००, आणि त्या कमिशनवर ४० टक्के बोनस कमिशन, म्हणजे आणखी ५,०००. झाले १७,५००. हेच ते ३५ टक्के. साडेतीन लाख कुठून काढले देव जाणे.

२) "दरवर्षी ३५" तर साफ खोटं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के, ३,७५०, आणि चौथ्यापासून ५ टक्के, २,५००. तेही तुम्ही हप्ता भरलात तर, हप्ते थांबून पॉलिसी लॅप्स म्हणजे बंद पडली की आमचं पण बंद, म्हणून तर मार्च आला की आम्ही फोन करून करून तुमचं डोकं खातो. आणि हा रेटही आता जुना झाला. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडर व्हॅल्यूचे (पॉलिसी मध्येच सोडली तर परत मिळणाऱ्या रकमेचे) नवे नियम आले, पूर्ण वर्षाचा हप्ता भरून एक वर्ष झाल्यावर पॉलिसी सोडणाऱ्यालाही काही पैसे परत द्यावे लागतात, मग एलआयसीने पहिल्या वर्षाचं कमिशन ३५ वरून २८ वर आणलं आणि पुढचं ५ चं साडेसात केलं. म्हणजे ५०,००० वर १७,५०० ऐवजी १४,०००. मेसेज लिहिणाऱ्याला याचा पत्ताच नाही.

३) बायकोला मिळतं हे खरंय. अटी पूर्ण असतील तर वारसाला रिन्युअल कमिशन, म्हणजे दुसऱ्या वर्षापासूनच्या हप्त्यांवरचं, जातं. यात लपवण्यासारखं काय आहे?

४) आता "अर्धं परत मागा". हे सगळ्यात डेंजर. विमा कायदा १९३८, कलम ४१: कमिशनमधून सूट देणं गुन्हा आणि घेणंही, दंड १० लाखांपर्यंत. "पहिला हप्ता तुम्हीच भरा ना" म्हणणारे गिऱ्हाईक रोज भेटतात, भरणारे एजंटही आहेत, आणि त्यांच्यामुळेच बाकीच्यांचा धंदा बसतो, पण त्याला हक्क म्हणू नका. कंपनीच्या छापील माहितीपत्रकात जी सूट आहे, म्हणजे मोठ्या विमा रकमेची, वार्षिक हप्त्याची, काही प्लॅनमध्ये एजंटशिवाय ऑनलाईन घेतल्याची, ती मात्र जरूर घ्या, ती कायदेशीरच आहे.

मेसेजवाल्याने खरा वार करायचा तो केलाच नाही. सिंगल प्रीमियमला, म्हणजे सगळा हप्ता एकदाच भरायच्या पॉलिसीला, कमिशन फक्त २ टक्के. टर्म प्लॅनचा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) हप्ताच एवढुसा की टक्के कितीही असले तरी हातात चिल्लर येते. मग एजंट एंडोमेंटच का पुढे सरकवतो, हे विचारा ना! एक कोटीचा टर्म मागायला आलेल्या माणसाला "पैसे परत मिळत नाहीत हो त्यात" असं सांगून २५ वर्षांच्या एंडोमेंटवर वळवणारे आमच्यात भरपूर आहेत, आणि त्याचं कारण वरच्या हिशोबातच आहे.