स्टँडवरच नाही, घरातही उपाशी आहेत

चर्चची पोरं एसटी स्टँडवर जेवण वाटतात ते तुमच्या लेखात छान लिहिलंय, पण ‘कोकणात घर असलेला माणूस उपाशी राहत नाही’ हे काही पटलं नाही. मी वेंगुर्ल्याकडची. आमच्याकडे सेंट व्हिन्सेंट डी पॉल या कॅथलिक सेवासंस्थेवाले दोघं-दोघं मिळून घरोघरी जातात (१८३३ पासून संस्थेची पद्धतच ती). गेल्या पावसाळ्यात मीही गेले. एका घरी मुलगे मुंबईला, आजी एकटी. टोपात पेज, म्हणजे नुसतं पाणी. शितं मोजून घ्यावीत. विचारलं तर म्हणते, ‘जेवलंय गो बाये!’

जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा पाटी घेऊन मासे विकणाऱ्या अशा म्हाताऱ्यांचे जास्तच हाल. शिवाय आपण नेलेला जेवणाचा डबा मागच्या दारानं द्यायचा. शेजारणीनं पाहिलं की दुसऱ्या दिवशी घेतच नाहीत.