बारावा ब्लँक

आज दुपारी एका मीटिंगमध्ये एक वाक्य कानावर पडलं आणि तेव्हापासून कामात लक्ष नाही. लिहून टाकते, म्हणजे रात्री झोप तरी लागेल.

पुढच्या तीन वर्षांच्या स्ट्रॅटेजीचं सादरीकरण होतं. बाहेरून आलेले सल्लागार, मोठा पडदा, आणि खर्चकपातीच्या यादीत खाली कुठेतरी एक ओळ: 'कामगार सूचना पुरस्कार योजना बंद'. वाचणार वर्षाला चार लाख ऐंशी हजार. कारण काय, तर लाइनवर आता बहुतेक मुलं ठेकेदाराची आहेत, ती योजनेत बसत नाहीत आणि परमनंट उरलेत मोजके. कुणीतरी विचारलं, बंद केल्याने नुकसान काही? त्यावर सल्लागार अगदी सहज म्हणाले, "व्हॅल्यू वर तयार होते. खाली फक्त एक्झिक्युशन, अंमलबजावणी असते." दोन-चार माना डोलल्या. पुढची स्लाइड आली. ती वरिष्ठांच्या व्हेरिएबल पेची, म्हणजे कामगिरीवर मिळणाऱ्या जादा पगाराची होती.

मी कॉस्टिंगमध्ये, म्हणजे खर्चाचा हिशोब ठेवणाऱ्या विभागात आहे. तो चार लाख ऐंशी हजारांचा आकडा माझ्याच शीटमधून गेला होता. मी गप्प बसले.

आमच्या घरी स्टीलचा एक मोठा डबा आहे. झाकणावर बाबांचं नाव, टोकन नंबर आणि 'उत्कृष्ट सूचना' असं कोरलेलं. बाबा भोसरीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा कापून दाबणाऱ्या विभागात होते, एकतीस वर्षं. मी तिसरीत असताना दिवाळीच्या तोंडावर आई करंज्या तळून डब्यात भरत होती. एकीच्या पोटात दुसरी, उलटसुलट. बाबा चहा पीत बघत बसले होते. कप खाली ठेवून उठले, जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा काढला आणि मला कात्री आणायला सांगितलं. त्या रात्री आम्ही दोघांनी फरशीवर बसून एकाच आकाराचे, करंजीसारखे वळलेले बारा तुकडे कापले. बाबांनी ते वर्तमानपत्रावर आखलेल्या चौकटीत मांडले. सरळ मांडले तर अकरा बसायचे. एक सुलटा, एक उलटा असे मांडले तर बारा.

कारखान्यात एका ब्रॅकेटचे त्याच आकाराचे ब्लँक, म्हणजे पत्र्यातून कापलेले तुकडे, एका शीटमधून अकरा निघायचे. बाकीचं भंगारात. बाबांनी चिठ्ठी लिहून सूचना पेटीत टाकली. चार-पाच महिन्यांनी टूल रूमने डाय, म्हणजे कापायचा साचा, बदलली आणि बारा निघायला लागले. बक्षीस म्हणून दोनशे एकावन्न रुपयांचं पाकीट आणि हा डबा.

आता मी कॉस्टिंगवाली, म्हणून हिशोब करते. १३२० नग हवे असतील तर आधी १२० शीट लागायच्या, नंतर ११०. बारातला एक भाग वाचला, म्हणजे ८.३३ टक्के माल. एका दिवशी नाही, एका महिन्यात नाही. तो ब्रॅकेट बंद होईपर्यंत, रोज, तिन्ही शिफ्टला. कायद्याने ठरलेला किमान बोनसही ८.३३ टक्केच, वर्षाच्या बारा महिन्यांतला एक. हे साम्य मला नोकरीला लागल्यावर लक्षात आलं आणि त्या दिवशी मी डबा पुन्हा एकदा नीट बघितला.

त्या कंपनीचे थोडे शेअर बाबांना कर्मचारी म्हणून मिळाले होते, त्यामुळे वार्षिक अहवाल घरी यायचा. त्या वर्षीच्या अहवालात छापलं होतं की व्यवस्थापनाने कच्च्या मालाच्या वापरात लक्षणीय काटकसर साधली. बाबांनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारून अहवाल कपाटात ठेवला. तक्रार केली नाही. आजही करत नाहीत. डबा मिळाल्याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता, आणि तो आनंद खोटा होता असं मी कशी म्हणू? गल्लीत चार घरी पेढे वाटले होते त्यांनी.

पण म्हणून हिशोब बरोबर ठरतो का?

'व्हॅल्यू वर तयार होते' म्हणणाऱ्याला मी आमच्याच शॉपच्या भिंतीपाशी नेऊन उभं करायला हवं होतं. तिथे कायझेनचे, म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा करत राहण्याचे, फलक आहेत. ज्या टोयोटाकडून हे सगळं शिकलो म्हणून आपल्या चाकण-भोसरीतल्या कंपन्या छाती फुगवतात, तिथे कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ पासून आहे. दोष दिसला तर लाइनवरचा साधा माणूस दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. यात दयाधर्माचा भाग नाही, त्यांचा धंदाच त्यावर उभा राहिला. लोखंडाला हात लावणाऱ्या माणसाला लोखंडाबद्दल काहीतरी कळतं, हे मान्य केलं त्यांनी. आपण फलक आणले, जपानी शब्द पाठ केले आणि तेवढा एक भाग सोडून दिला.

मान्य आहे, पेटीत 'कँटीनला भजी द्या' आणि 'पंखा दुरुस्त करा' अशाही चिठ्ठ्या येतात. पैसा घालणाऱ्याची जोखीम असते, हेही मान्य. कंपनी बुडाली तर त्याचं भांडवल जातं. पण बाबांबरोबर काम करणाऱ्या एका काकांची दोन बोटं प्रेसखाली गेली. ती जोखीम कुठल्या स्लाइडवर येते?

आणि कायदा काय म्हणतो ते तरी वाचा. कंपनी कायदा २०१३, कलम १६६. संचालकाने कोणाच्या हितासाठी वागायचं हे तिथे लिहिलंय: कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज, पर्यावरण. सुरुवातीला सगळ्या सभासदांचं, म्हणजे भागधारकांचंच, भलं येतं खरं, पण या यादीत कर्मचारी हा शब्द भागधारकांच्या आधी आहे! मी इतक्या बोर्ड प्रेझेंटेशनांचे आकडे भरले, पण या कलमाचा उल्लेख एकदाही ऐकला नाही. ऐकू येतं ते फक्त दोन टक्के सीएसआर, म्हणजे नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च. शाळेला बाक दिले, झाडं लावली, फोटो काढला. बाक द्याच, चांगलंच आहे. पण स्वतःच्या गेटच्या आतल्या माणसाचं काय?

त्याच कायद्याच्या कलम १९७ नुसार, शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला सांगावं लागतं की संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे. सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मध्ये येणारा माणूस. ऐकायला किती छान. पण ठेकेदाराची मुलं कंपनीच्या पटावरच नसतात, मग ती या रांगेत उभीच राहत नाहीत. सगळ्यात कमी पगाराची माणसं रांगेतून काढली की मधला माणूस आपोआप वर सरकतो, आणि ती पट जेवढी असायला हवी त्याहून कमी दिसते. हे मी रोज बघते. यात बेकायदेशीर काही नाही, म्हणूनच जास्त चीड येते. हो, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्या त्या नव्या जबाबदारी अहवालात मोठ्या कंपन्यांना कायम नसलेल्या कामगारांची संख्या द्यावी लागते. द्यावी लागते, देतात. संख्या दिली की झालं.

आईचे वडील लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि आजोबा पुन्हा कधी त्या गेटातून आत गेले नाहीत. संप चुकला की बरोबर होता यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात, त्यात मी पडत नाही. पुढचं मात्र सांगते. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, साधारण एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला मिळणार होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या पडलेल्या जमिनीची राहिली. गिरण्यांत मोकळी जमीन होती तरी किती? वर शेड उभ्या होत्या. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. आज तिथे टॉवर आहेत. त्या जमिनीला मोल आलं कशामुळे? तीन-चार पिढ्या तिथे राबल्या, चाळी वसल्या, बाजार भरले म्हणूनच ना? म्हणे व्हॅल्यू वर तयार होते.

जरा पाणी पिऊन आले. आवाज चढला होता माझा, लिहितानाही.

मला मालक वाईट असतात असं म्हणायचं नाही. जमशेदपूरला टाटांनी १९१२ मध्येच आठ तासांची पाळी आणली, कायद्याने कामाचे तास तेवढे खाली यायला पुढे कित्येक वर्षं गेली. तिथे प्रॉव्हिडंट फंड १९२० ला आला, देशाचा कायदा १९५२ चा. पुढे त्याच कंपनीने हजारो माणसं कमी केली, तेही खरं, पण लवकर घरी जाणाऱ्यांना निवृत्तीच्या वयापर्यंत दर महिन्याला पैसे मिळत राहतील अशी योजना करून. माणसं कमी करावीच लागली तर ते करण्याच्याही तऱ्हा असतात. कुणीतरी वर बसून ठरवलं होतं की हे असं करायचं. तेव्हा वर बसलेल्यांची किंमत मला कळते. मला फक्त खाली बसलेल्यांचीही त्याच वहीत लिहिलेली हवी आहे.

संध्याकाळी बाबांना फोन केला. म्हटलं, आमच्याकडे सूचना योजना बंद होतेय. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "अगं, मग पोरं सांगणार कुणाला?" चार लाख ऐंशी हजार किती मोठे-लहान, हे त्यांनी विचारलं नाही. बक्षिसाचंही काही बोलले नाहीत. फक्त सांगणार कुणाला.

आणि मला एकदम तो लातूरकडचा मुलगा आठवला. मागच्या महिन्यात स्टॉक मोजायला लाइनवर गेले होते. ठेकेदाराचा मुलगा, बावीस-तेवीसचा असेल. म्हणाला, "मॅडम, ही बिनची, सुट्या भागांच्या खोक्यांची ट्रॉली डाव्या हाताला ठेवली तर दर नगामागे वळायचं वाचतं. मी रात्रपाळीला करून बघितलंय. हे कुठं लिहून द्यायचं असतं?" मी म्हटलं, सुपरवायझरला सांग. घाईत होते. त्याने मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला. माझ्या बाबांना 'सुपरवायझरला सांग' म्हणून कुणी वाटेला लावलं असतं तर त्या घरात तो डबा आला नसता, तो बारावा ब्लँक निघाला नसता, आणि अहवालातलं ते काटकसरीचं वाक्यही छापायला मिळालं नसतं कुणाला.

त्या झाकणावर आईचंही नाव हवं होतं, हेही आज पहिल्यांदाच सुचतंय. करंज्या तिच्या होत्या. तीस वर्षं डबा घासतेय ती.

योजना महिनाअखेरपर्यंत चालू आहे. येताना स्टोअरमधून छापील फॉर्म आणलाय. सूचनेच्या रकान्यात ट्रॉलीचं लिहिलं, आकृती काढली, दर नगामागे वाचणारे सेकंद उद्या त्याच्याबरोबर उभी राहून घड्याळ लावून मोजणार आहे. सूचना देणाऱ्याच्या नावापुढे त्याचं नाव. टोकन नंबर त्याला नाही, म्हणून तिथे ठेकेदाराच्या गेटपासचा नंबर टाकणार आहे. तोही उद्या त्याला विचारूनच. फॉर्म परत आला तर पुन्हा देईन, आणि या वेळी मीटिंगमध्ये देईन.