सीमाभागात म्हातारं कसं व्हावं

पहिली सूचना: बेळगावात म्हातारं व्हायचंच असेल तर बाई म्हणून व्हा. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे, बायकांना बस फुकट. साध्या गाडीत चढायचं, आधार दाखवायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं. पुरुष म्हणून म्हातारे झालात तर पंचवीस टक्के सवलत, आणि कंडक्टरची एक नजर, की एवढ्यासाठी कार्ड काढलंत होय!

वय जपून वाढवा. इकडे साठीला पंचवीस टक्के, तिकडे महाराष्ट्राच्या एसटीत पासष्टीला निम्मं आणि पंच्याहत्तरीला फुकट. मी शहात्तरचा, ही एकोणसत्तरची.

म्हणून गेल्या आठवड्यात चंदगडला साडूकडे जायचं ठरलं तेव्हा आदल्या रात्री मी कागदावर हिशोबच मांडला. थेट आंतरराज्य गाडी नको, तिथं शक्ती चालत नाही. हिंडलगा करत हद्दीवरच्या बाचीपर्यंत इकडची गाडी: ही शून्यात, मी पैसे मोजून. मग उतरून पलीकडे शिनोळीच्या फाट्यावर एसटी धरायची: मी फुकट, ही निम्म्यात. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात खर्चाची इतकी चोख वाटणी कधी झाली नव्हती. फाट्यावर पाऊण तास उभे राहिलो. सावली कुठंच नाही. दोन्ही सरकारांचं एकमत झालेला हा एकच विषय. एसटी आली. कंडक्टर पोरगेलासा, बोलायला गोड. आधार घेतलं, उलटलं, पत्ता वाचला.

"आजोबा, हे कर्नाटकाचं हाय की. तुमाला तिकडचं सरकार देणार."

"बाळा, तिकडचं देत असतं तर मी इथं उन्हात कशाला उभा ऱ्हायलो असतो?"

मागून कुणीतरी म्हणालं, द्या की हो पैसे, उशीर होतोय. दिले. सुट्टे नव्हते, म्हणून दहा रुपये तिकिटाच्या पाठीवर लिहून मिळाले.

विजेची बचत करू नका. कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेच्या फलकावर दोनशे युनिट फुकट दिसतात, पण हातात पडते ती २०२२-२३ ची तुमची सरासरी, वर दहा टक्के. त्या वर्षी आम्ही सात महिने पुण्याला मुलाकडे होतो, घराला कुलूप. सरासरी बावीस! पुढे दया आली आणि अठ्ठेचाळीसच्या खालच्यांना टक्क्यांऐवजी सरळ दहा युनिटं वाढवली. झाली बत्तीस. शेजारी नवं घर बांधलंय, मागचं एक बिल नाही, त्यांना अठ्ठावन्न. चुकलंच आमचं, गीझर चालू ठेवून गावाला जायला पाहिजे होतं.

अर्ज मराठीत का नाही, असं खिडकीवर विचारू नका. या वयात अंगावर केस नको.

अंगठा जपा, झिजला की मशीन ओळखत नाही.

ओटीपी आला की मुलाला फोन करा, तो मीटिंगमध्ये असतो.

रेल्वेचं नाव काढू नका. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये कोरोनानं नेली. कोरोना गेला, सवलत काही परत आली नाही.

आजारी पडायला मात्र हरकत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्रानं २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना दिली. ऑपरेशन फुकट, कोल्हापूरला जायचं तिकीट आपलं.

अरे, काय थट्टा लावलीय ही? १९५६ ला राज्यं बदलली तेव्हा मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागलो होतो. १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पाठीवर लाठी खाल्ली. २००४ पासून सीमाखटल्याच्या सुप्रीम कोर्टातल्या तारखा मोजतोय. भाषणात तुम्हाला बेळगाव, कारवार, निपाणी सगळं पाहिजे, आणि बेळगावचा म्हातारा गाडीत चढला की त्याचा पत्ता बघता? आणि इकडचे तुम्ही, बेळगाव आमचं म्हणून सुवर्ण विधानसौध बांधलात, तिथं अधिवेशनं भरवता, मग इथल्याच म्हाताऱ्याला पंचवीस टक्क्यांवर का बोळवता? बायकांना फुकट दिलंत, चांगलं केलंत. ही आता माहेरी जायला माझ्याकडे पैसे मागत नाही. पण ज्याला पेन्शन नाही, ज्याचे गुडघे गेलेत, त्या गड्यानं काय पाप केलंय? दोन राज्यांच्या परिवहनवाल्यांना एका टेबलाशी बसून म्हाताऱ्यांचं एक तिकीट ठरवता येत नाही? मंत्र्यांच्या गाड्यांना कधी बाचीला उतरावं लागलंय?

तुमचं ठरेल तेव्हा ठरेल. त्या फाट्यावर पत्र्याची एक शेड तरी घाला रे. परत येताना हिला चक्कर आली, रस्त्याकडेला मातीतच बसली होती.