पीडीएफ टाकली म्हणजे अंध विद्यार्थ्यांची सोय झाली?

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'नोट्सची पीडीएफ अपलोड करा, स्क्रीन रीडर सगळं वाचून दाखवतो, वेगळं काही करायची गरज नाही.' हे अर्धवट आहे. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर.

झेरॉक्सवरून स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर अक्षरं वाचतो. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, केल्याशिवाय त्याच्या लेखी ते पान कोरंच.

मराठीत आणखी एक भानगड आहे, आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. 'भारत' हा शब्द तिथे 'एच-के-के-जे-आर' असा असतो, आणि मुलाला ऐकूही तेच येतं. अख्खा धडा असा ऐकून बघा एकदा!

तपासणं सोपं आहे. मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. सिलेक्टच होत नसेल तर तो फोटो. इंग्रजी कचरा उमटला तर जुना फॉन्ट. युनिकोडमधली (म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारी) वर्ड फाइल, हेडिंग स्टाइल लावलेली, अशा पीडीएफपेक्षा बरी. आकृत्यांचं वर्णन मात्र शिक्षकानेच लिहायचं.

'पुस्तक असं रूपांतरित केलं तर कॉपीराइटचा भंग होतो' ही त्याच मेसेजची शेपटीही चूक. दिव्यांगांसाठी, नफा न कमावता असं करायला कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. आणि सुगम स्वरूपात साहित्य देणं ही मेहेरबानी नव्हे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते आहे.